कृत्रिम स्तन निवडण्याआधी आपला दिवस पाहा

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, जखमेतलं पाणी काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, निघाला, टाके सुकायला लागले की कुणीतरी सांगतंच, "आता ते सिलिकॉनचं मिळतं ना, ते घेऊन टाक." इतक्या लवकर काही घेऊन टाकू नका. कृत्रिम स्तन, म्हणजे ब्राच्या आत ठेवायचा प्रोस्थेसिस, रोज आठ-दहा तास अंगावर राहणार असतो. तुम्ही दिवसभर काय करता, कुठल्या हवेत राहता, काय नेसता, यावर तो ठरायला हवा. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच या गोष्टीकडे वळणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांच्याबरोबर दुकानात जाणाऱ्या बहिणी, मुली, जावा, नवरे यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट. कृत्रिम स्तन घालायलाच हवा असं नाही. काही जणी काहीच घालत नाहीत, काही जणी फक्त बाहेर पडताना घालतात, काही जणींना तो अंगावर नसेल तर चालताना तोल चुकल्यासारखं वाटतं. उरलेला स्तन जड असेल तर खांदा एका बाजूला झुकण्याची, मान आणि पाठ भरून येण्याची शक्यता असते. अशा वेळी वजनाचा प्रोस्थेसिस खरोखर उपयोगी पडतो. पण घरच्यांना बरं दिसावं एवढ्यासाठी कुणी जबरदस्ती करत असेल तर त्यांना थांबवा. पुढे कधी शस्त्रक्रियेने स्तनाची पुनर्रचना करायची असेल तर तोही मार्ग बहुतेकींना खुला असतो. आज प्रोस्थेसिस घेतला म्हणून तो बंद होत नाही.

पहिले काही आठवडे

जखम ताजी असताना सिलिकॉन घालायचा नाही. त्याचं वजन आणि उष्णता कोवळ्या त्वचेला सोसत नाही. या काळात हलका, मऊ, आत फायबर भरलेला कापडी स्तन वापरतात. तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. काही रुग्णालयांत तो मिळतो, नाही तर घरी शिवता येतो. जुन्या धुवट मलमलीची पिशवी घ्या आणि उशीत भरतात तो फायबर तिच्यात भरा. कापूस शक्यतो नको, घामाने ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात. शिवण छातीकडे येणार नाही असं बघा. सैल सुती स्लिपला किंवा पुढून हुक असलेल्या सैल ब्राला आतून तो दोन-चार टाक्यांनी अडकवता येतो. हात वर जात नसल्याने या दिवसांत पुढून उघडणारे कपडेच बरे पडतात.

हा कापडी स्तन हलका असल्यामुळे वर सरकतो. तासाभराने आरशात पाहिलं तर एक बाजू गळ्याकडे गेलेली दिसते. त्याने हिरमुसू नका, हा प्रकार तात्पुरता आहे.

सिलिकॉनसाठी साधारण सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. रेडिएशन घेतलं असेल तर त्वचेचा लालपणा, सोलणं आणि आग पूर्ण थांबेपर्यंत आणखी थांबावं लागतं. किमो चालू असताना वजन वर-खाली होतं, त्यामुळे महागडी खरेदी त्यानंतर केलेली बरी.

दिवसाचा हिशेब

आता एका कागदावर स्वतःचा नेहमीचा दिवस लिहून काढा. वाकून किती काम असतं? केर, फरशी, शेतातली खुरपणी, शाळेत मुलांच्या वह्या तपासणं, लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणं, यातलं काय काय तुमच्या वाट्याला येतं? घाम किती येतो? आधी रोज ब्रा घालत होता का? हा शेवटचा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे कित्येक बायका आयुष्यभर नुसता ब्लाऊज घालतात. त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते, ती पुढे सांगते.

बसून काम असेल, उरलेला स्तन मध्यम किंवा मोठा असेल, तर पूर्ण वजनाचा सिलिकॉन प्रोस्थेसिस चांगला. तो अंगाबरोबर हलतो, खाली नैसर्गिकपणे झुकतो आणि त्याच्या वजनामुळे ब्रा जागेवर राहते. हातावर सूज येत असेल, खांदा दुखत असेल, किंवा उरलेला स्तन जड असल्यामुळे जोडीचा प्रोस्थेसिसही जड घ्यावा लागत असेल, तर हलक्या वजनाचा सिलिकॉन मागा. दिसायला तो सारखाच असतो.

उन्हाळ्यात चंद्रपूर-नागपूरकडे किंवा कोकणातल्या दमट हवेत दिवसभर सिलिकॉन म्हणजे त्वचेला घामाचा वेढा. तिथे सुती धाग्याने विणलेला स्तन फार सोयीचा असतो. तो हलका असतो, त्यातून हवा खेळते आणि तो घरी धुता येतो. साईशा इंडिया फाउंडेशनसारख्या संस्थांच्या स्वयंसेविका असे स्तन हाताने विणून विनामूल्य देतात. मोठ्या मापाला मात्र तो हलका पडतो आणि वर सरकतो. त्यावर उपाय आहे. धुतलेले गुळगुळीत बारीक खडे कापडी पुरचुंडीत घट्ट शिवा आणि ती पुरचुंडी विणलेल्या स्तनात मागच्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवा. काही जणी मोहरी भरतात. ती धुताना काढावी लागते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते, म्हणून मला खडेच बरे वाटतात.

सगळा स्तन न काढता फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढला असेल तर पूर्ण प्रोस्थेसिस लागत नाही. कपाची पोकळी भरणारा पातळ अर्धा पॅड मिळतो. तो उरलेल्या स्तनावर बसतो. थेट त्वचेला चिकटणारा प्रकारही येतो, त्याला ब्राच्या खिशाची गरज नसते. पण पहिलाच प्रोस्थेसिस म्हणून मी तो सुचवणार नाही. त्वचा पूर्ण बरी झालेली हवी, रेडिएशन झालेल्या त्वचेसाठी डॉक्टरांची परवानगी हवी आणि आपल्याकडच्या घामात तो नीट चिकटून राहणं अवघड.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी जोडी म्हणजे बाहेर जायला एक सिलिकॉन आणि घरी वापरायला एक विणलेला किंवा फायबरचा. एकच घेणं परवडत असेल, तर दिवसातले जास्त तास जिथे जातात त्या कामाला सोयीचा घ्या.

आकार: डावा, उजवा आणि काखेकडची खळी

काही प्रोस्थेसिस दोन्ही बाजूंना चालतात. ते थेंबाच्या किंवा त्रिकोणाच्या आकाराचे असतात. काही फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूचे असतात आणि त्यांची एक कड काखेकडे लांबवलेली असते. बार्बी बाहुली घडवणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० मध्ये काढला गेला. त्या वेळी मिळणारं काहीच त्यांना पटेना, म्हणून त्यांनी स्वतः कंपनी काढली आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळे, ब्राच्या मापाप्रमाणे मिळणारे प्रोस्थेसिस बाजारात आणले.

तुमच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकेच्या गाठीही (लिम्फ नोड) काढल्या असतील आणि तिथे किंवा गळ्याच्या हाडाखाली खळी पडली असेल, तर लांब कडेचा प्रकार ती खळी भरून काढतो. छाती सपाट आणि गुळगुळीत असेल तर साधा थेंबाचा आकार पुरतो. व्रणाच्या टोकाला काखेखाली जास्तीच्या कातडीची घडी राहिली असेल तर कडक कडेचा प्रोस्थेसिस तिथे रुततो, मऊ आणि पातळ कडेचा मागा. आणखी एक फरक जाडीचा असतो. उरलेला स्तन पसरट असेल तर कमी जाडीचा आणि पुढे भरलेला असेल तर जास्त जाडीचा. वयाबरोबर स्तन वरच्या भागात रिकामा होतो, तेव्हा पंचविशीतल्या मुलीसारखा गोल भरलेला प्रोस्थेसिस घेतला तर दोन्ही बाजू जुळत नाहीत.

माप कसं घ्यायचं

स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर धरून घेर मोजा. हा झाला ब्राच्या खालच्या पट्टीचा आकडा. कपासाठी नेहमीसारखं छातीभोवती टेप फिरवलं तर एक बाजू सपाट असल्याने आकडा कमी येतो. म्हणून अर्धं माप घ्या. पाठीच्या कण्यापासून उरलेल्या स्तनाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून छातीच्या मधल्या हाडापर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. हे माप चांगल्या आधाराची ब्रा घालून घ्या, म्हणजे स्तन असायला हवा त्या उंचीवर राहतो. आकड्यांवरून कप ठरवण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, तेव्हा तो हिशोब त्यांच्याच तक्त्यावरून करा.

प्रोस्थेसिसवर ब्राचं माप नसून बहुधा वेगळा एकच आकडा असतो. कारण ३४ सी, ३६ बी आणि ३८ ए या ब्रांच्या कपात जवळपास सारखंच मावतं. म्हणून आधी नीट बसणारी ब्रा ठरवा, प्रोस्थेसिस नंतर. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही बदलावे लागतात.

दोन्ही स्तन काढले असतील तर जुन्याच मापाला बांधून राहायची गरज नाही. पूर्वीपेक्षा एक-दोन माप लहान घेतलं तर खांद्यांवरचा भार कमी होतो.

ब्रा आणि तिचा खिसा

मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) ब्रा म्हणून जी मिळते तिच्यात कपाच्या आत खिसा असतो. पण खास ब्राच हवी असं नाही. पूर्ण कप, रुंद पट्टे, खाली रुंद पट्टी, दोन कपांमधला भाग उंच आणि तार नसलेली कुठलीही सुती ब्रा चालते. खिसा घरी शिवता येतो. जुन्या मऊ बनियनचा तुकडा घ्या, कपापेक्षा दोन बोटं मोठा कापा आणि आतून गळ्याकडची, मधली आणि खालची कड शिवून घ्या. काखेकडची बाजू उघडी ठेवा, तिथूनच प्रोस्थेसिस आत जातो. शिवण व्रणावर येणार नाही हे हात फिरवून पाहा. खिसा घट्ट ताणलेला नको, प्रोस्थेसिसला कपात बसायला जागा हवी.

ब्रा न घालणाऱ्या बायकांसाठी हाच खिसा ब्लाऊजच्या आत शिवता येतो. ब्लाऊजला अस्तर हवं, पुढचे हुक जवळजवळ लावलेले हवेत आणि खालची पट्टी जरा घट्ट हवी, म्हणजे प्रोस्थेसिस खाली ओघळत नाही. या सोयीसाठी विणलेला किंवा फायबरचा हलका स्तनच घ्या. जड सिलिकॉन नुसत्या ब्लाऊजवर तोलून धरता येत नाही. रोज बदलायला असे तीन-चार ब्लाऊज एकदाच तयार करून ठेवले की मग त्याचा विचार करावा लागत नाही.

दुकानात

जाताना तुमचा नेहमीचा ब्लाऊज आणि एखादा अंगाबरोबर बसणारा कुर्ता सोबत न्या. जवळची एक बाई बरोबर असू द्या. वेळ ठरवून जा आणि फोनवरच विचारा: माप घ्यायला बाई आहेत का, घालून पाहायला दार लागणारी खोली आहे का, बसला नाही तर बदलून मिळेल का. स्वच्छतेच्या कारणाने बरीच दुकानं परत घेत नाहीत, म्हणून हा प्रश्न पैसे देण्याआधीच विचारायचा. "ताई, सगळ्या हाच नेतात," असं म्हणून एकच डबा पुढे केला तर आणखी दोन प्रकार दाखवायला सांगा. यात संकोच नको, ही तुमच्या शरीराची गोष्ट आहे.

घातल्यावर घाई करू नका. समोरून पाहा, दोन्ही बाजूंची उंची आणि सर्वांत पुढे आलेली जागा जुळते का. बाजूने पाहा. मान खाली घालून वरून पाहा, कारण दिवसभर तुम्हाला तोच कोन दिसणार आहे. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. मागची पट्टी सरळ हवी आणि तिच्याखाली दोन बोटं जायला हवीत. पट्टा खांद्यात रुतता कामा नये.

मग हालचाल करा. फळीवरचा डबा काढताना जसे हात वर जातात तसे करा, ब्रा वर चढली तर पट्टी सैल आहे. केर काढताना वाकतो तसं वाका, प्रोस्थेसिस छातीपासून सुटून पुढे लोंबला तर कप मोठा आहे किंवा खिसा सैल आहे. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून पाहा. जमलं तर पंधरा-वीस मिनिटं घालून दुकानात फिरा. सुरुवातीला गार आणि जड वाटेल, अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि वजनही जाणवेनासं होतं. पण टोचणं, खुपणं, व्रणावर ओढ बसणं आपोआप जाणार नाही. तसं होत असेल तर तो घेऊ नका.

नवा प्रोस्थेसिस पहिल्या दिवसापासून दिवसभर घालू नका. दोन-तीन तासांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

ब्लाऊज, साडी, कुर्ता

शिंप्याकडे माप देताना ब्रा आणि प्रोस्थेसिस घालूनच द्या. गळा आधीपेक्षा दोन बोटं वर घ्या. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा मुंढा आणि बाही मोकळी ठेवा, दोन्ही बाह्यांना एकच माप लावू देऊ नका. बाही घट्ट झाली की हाताला काचते. आपला पदर डाव्या खांद्यावर जातो आणि बाजूने पाहिलं की ब्लाऊजची डावी कड उघडी दिसते. म्हणून डावीकडचं ऑपरेशन असेल तर आरशात डाव्या बाजूने नक्की पाहा. पदराला पिन लावताना ती ब्लाऊजच्या खांद्यावरच लावा. छातीवर लावलेली पिन किंवा मंगळसूत्राचं टोक सिलिकॉनला भोक पाडतं. ब्रूचलाही तोच धोका.

त्वचा आणि हात

ऑपरेशननंतर छातीची आणि दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना बऱ्याच जणींना कमी जाणवते. त्यामुळे काहीतरी घासतंय, रुततंय हे कळतच नाही. रोज रात्री काढल्यावर आरशासमोर त्वचा पाहायची सवय लावा. पट्टीचा हलका वण अर्ध्या तासात जायला हवा. तो राहत असेल तर ब्रा घट्ट आहे. घामाच्या दिवसांत सिलिकॉनला सुती आवरण घाला. उरलेल्या स्तनाखाली आणि प्रोस्थेसिसखाली कोरडं ठेवा, तिथे खाज सुटून लाल चट्टे आले तर बहुधा बुरशी असते आणि ती औषधाने बरी होते. झोपताना प्रोस्थेसिस काढून ठेवा.

हात किंवा दंड जड वाटायला लागला, अंगठी किंवा बांगडी घट्ट व्हायला लागली, तर ती लसिकेची सूज, म्हणजे हातात द्रव साचून येणारी सूज (लिम्फेडेमा) असू शकते. पातळ पट्टा खांद्यावर दाब देत असेल तर रुंद पट्ट्याची ब्रा घ्या, प्रोस्थेसिस हलका करा आणि फिजिओथेरपिस्टला लवकर दाखवा. ही सूज सुरुवातीला आटोक्यात आणणं सोपं असतं. छातीवर किंवा हातावर लाली, गरमपणा, ताप, व्रणातून पाणी, नवी गाठ यांपैकी काहीही दिसलं तर प्रोस्थेसिस बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

धुणं आणि ठेवणं

सिलिकॉन रोज रात्री कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हातावर धुवा, टॉवेलने टिपा, पिळू नका. त्याच्याच डब्यात, त्याच्या आकाराच्या साच्यात ठेवा. उन्हात, गिझरजवळ किंवा ओट्यावर नको. अंगठ्या काढून हाताळा, नखं जपा. घरात मांजर असेल तर डबा बंद ठेवा. बारीक भोक पडलं तर चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस भागवता येतं, पण मग तो बदलायलाच हवा. विणलेला किंवा फायबरचा असेल तर हाताने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, आत ओल राहिली की वास येतो.

पैसे

सिलिकॉन काही हजार रुपयांना पडतो आणि त्याचं आयुष्य साधारण दोन वर्षं धरतात. खरेदीआधी तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये, गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) किंवा तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात, जिथे उपचार झाले तिथूनच संस्थांची माहिती मिळते. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करते आहे आणि रुग्णांच्या पुनर्वसनातही मदत करते. तिथेही विचारा. आरोग्यविम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये शरीराबाहेर वापरायच्या वस्तूंचा खर्च वगळलेला असतो. तरी विमा कंपनीला लेखी विचारा आणि डॉक्टरांची चिठ्ठी व पावती जपून ठेवा. परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांसाठी: ब्रिटनमध्ये तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, प्रोस्थेसिस विनामूल्य देते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना प्रोस्थेसिसचाही खर्च द्यावा लागतो. तो हक्क आहे, मागून घ्या.

प्रवास, पोहणं, आणि बदलायची वेळ

विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंना हात लावण्याआधीच शांतपणे सांगा की ऑपरेशन झालं आहे आणि आत प्रोस्थेसिस आहे. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत तपासणी करायला सांगता येतं. जादाचा प्रोस्थेसिस केबिनच्या बॅगेत ठेवा. पोहायला जाणाऱ्यांसाठी पाणी न शोषणारा वेगळा हलका प्रोस्थेसिस मिळतो. रोजचाच घालून गेलात तर समुद्राचं किंवा तलावाचं पाणी लगेच साध्या पाण्याने धुऊन काढा.

वजन चार-पाच किलोने बदललं, उरलेल्या स्तनाचा आकार बदलला, कडा सुरकुतल्या किंवा मागची बाजू चिकट लागायला लागली की पुन्हा माप घ्या. ब्रा त्याआधीच सैल पडते, साधारण वर्षभरात. नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या, म्हणजे पुढे ती ताणली की आतले हुक वापरता येतात.